आधी लघवीत दिसतं

माझा रिपोर्ट मीच काढला.

लातूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तेरा वर्षं टेक्निशियन आहे. रक्त घ्यायचं, लघवीच्या बाटल्यांवर नावं टाकायची, मशीन चालवायचं, रिपोर्ट टाईप करून सरांच्या सहीसाठी ठेवायचे, हे माझं काम. त्या मंगळवारी सकाळी पेशंटच्या रक्तासोबत मी माझंही रक्त लावलं. दोन महिन्यांपासून पाय सुजत होते, अंगाला खाज सुटायची, जेवण समोर आलं की मळमळायचं. मला वाटलं, हिमोग्लोबिन कमी असेल. किडनी किती काम करते ते सांगणारं क्रिएटिनिन सहज म्हणून लावलं.

सात पॉइंट चार आलं.

मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा लावलं. सात पॉइंट तीन. मग माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीचं रक्त घेतलं आणि लावलं. तिचं शून्य पॉइंट आठ. म्हणजे मशीन बरोबर होतं.

मी रिपोर्ट टाईप केला. नाव छाया, वय छत्तीस, स्त्री. कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं त्या रकान्यात काय लिहावं कळेना, म्हणून 'स्वतः' असं लिहिलं. सरांनी सही करताना विचारलं, "हा पेशंट बाहेर बसलाय का? त्याला लगेच किडनीच्या डॉक्टरकडे पाठवा."

"सर, माझाच आहे."

त्यांनी चष्मा काढला. "बस आधी," म्हणाले.

"दोन युरिन राहिल्यात सर. त्या करून बसते."

आणि मी खरंच त्या दोन्ही केल्या. लोक नंतर मला विचारायचे, त्या दिवशी काय वाटलं? काही वाटलं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मलाच वाटायचं, आपल्यात काही कमी आहे का. म्हणून आधीच लिहून ठेवते: तुमचंही असं झालं, तर त्यात वेगळं काही नाही.

*

चौदा महिने डायलिसिस झालं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. डाव्या हाताला फिस्टुला केला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी दोन रक्तवाहिन्या जोडल्या; त्या हाताला कान लावला की आत घरघर ऐकू यायची. माझी नववीतली मुलगी तन्वी ती ऐकायची आणि म्हणायची, "मम्मी, पिठाची गिरणी चालू आहे." दिवसाला पाणी किती प्यायचं ते ठरलेलं. उन्हाळ्यात लातूरला पाण्याचं असंही मापच असतं, त्यामुळे घरात त्याचं कुणाला फार नवल वाटलं नाही.

माझे मिस्टर दिलीप एका कृषी केंद्रात कामाला आहेत. ते किडनी द्यायला तयार होते. रक्तगट तपासला, माझा ओ आणि त्यांचा बी. जमणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडावर सुटका दिसली. एक क्षणभरच, मग त्यांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसंच झालं असतं. पण ते त्यांनी बरेच महिने मनाला लावून घेतलं. माझ्याशी बोलताना नजर औषधाच्या डब्याकडे असायची.

मग अण्णा म्हणाले, "माझी तपासा."

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव किल्लारीकडचं. भूकंपात माझी आई गेली, मी सहा वर्षांची होते आणि माझा भाऊ बालाजी दोन वर्षांचा. अण्णांनी दुसरं लग्न केलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः भाकरी थापायला शिकले आणि आम्हा दोघांना मोठं केलं. माणूस बोलायला अतिशय कमी. फोनवर "हाव, हाव, ठीवतो," एवढंच. त्यांचा रक्तगट ओ निघाला. वय बासष्ट, पण बीपी नाही, शुगर नाही. किडन्या दोन्ही उत्तम.

बालाजीला ते पटलं नव्हतं. तो लातूरला येऊन दारातच उभा राहिला. "अक्का, अण्णाचं वय बघ. शेतात अजून तेच खपून राहिलेत. उद्या त्यांना काई झालं तर म्या कुनाकडं जाऊ?"

त्याचं चुकीचं नव्हतं. मी म्हणाले, "तू अण्णांनाच सांग."

"सांगितलं. ऐकतेत व्हय ते?"

परवानगीसाठी समितीपुढे मुलाखत असते. तिथल्या साहेबांनी अण्णांना विचारलं, कुणाचा दबाव आहे का, काही आमिष आहे का, विचार करून देताय ना? अण्णांनी सगळ्याला एकच उत्तर दिलं, "लेक हाय माझी." साहेबांनी चार वेळा विचारलं, अण्णांनी चार वेळा तेच सांगितलं.

*

ऑपरेशन नांदेडला झालं, एका खासगी दवाखान्यात. शुद्धीवर आले तेव्हा देगलूरकडच्या एक लक्ष्मी सिस्टर माझ्या खाटेशी वाकून लघवीची पिशवी बघत होत्या. त्यांच्या बोलण्यात मराठी-तेलुगू दोन्ही असायचं. "अम्मा, येतंय बघा! लई येतंय! टेबलावरच चालू झाली म्हणे तुमची किडनी."

दर तासाला त्या पिशवीतली लघवी मापात ओतायच्या आणि तक्त्यावर आकडा लिहायच्या. तेरा वर्षं मी लोकांची लघवी बाटलीत बघितली, पण माझी स्वतःची एवढी पिवळी, एवढी साधी लघवी मी चौदा महिन्यांत बघितली नव्हती. पलीकडच्या खोलीत अण्णा होते. सिस्टर तिकडं जाऊन सांगून आल्या. अण्णा काय म्हणाले विचारलं, तर म्हणाल्या, "काय नाही म्हणले. छताकडे बघून मान हलवली."

याच लक्ष्मी सिस्टरनी पाचव्या दिवशी माझे केस विंचरले. आठवडाभराचा गुंता होता. त्यांची ड्यूटी संपली होती, पर्स खांद्याला होती, तरी खुर्ची ओढून बसल्या आणि घट्ट वेणी घातली. आजारपणातलं मला सगळं आठवत नाही. ती वेणी आठवते.

डिस्चार्ज झाला तेव्हा माझं क्रिएटिनिन एक पॉइंट तीन होतं. पहिले तीन महिने दवाखान्याच्या जवळ राहायचं असतं, म्हणून आम्ही नांदेडलाच एक खोली घेतली. दिलीप तन्वीला घेऊन लातूरला गेले, तिची शाळा होती आणि यांची नोकरी. खोलीत मी आणि अण्णा. पहिले दोन आठवडे बाजूच्या काकू डबा द्यायच्या. मग अण्णांनी परात मागून घेतली. पोटावर टाके असलेला माणूस पाटावर बसून भाकरी थापतोय, आणि मी तोंडाला मास्क लावून बघतेय. दोघांच्या पोटावरचे व्रण दुखायचे. आम्ही त्याविषयीसुद्धा बोलायचो नाही.

*

आता जे झालं ते.

पाचव्या आठवड्यात अण्णा दोन दिवस गावाकडे जाऊन आले. येताना औशाच्या बाजारात एका ओळखीच्या माणसाकडून एक पुडी आणली. गोखरू, पुनर्नवा आणि आणखी कसल्या तरी मुळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यात उकळून, गाळून, वाटी माझ्यापुढे ठेवली.

मी म्हणाले, "अण्णा, बाहेरचं काही घ्यायचं नाही. कागदावर लिहून दिलंय त्यांनी."

"झाडपाल्याचं हाय. गोळी न्हाई ती. आधी म्या घोटभर पिऊन बघितलाय, मला काई झालं न्हाई." मग वाटी थोडी पुढे सरकवली. "माझीच हाय ती किडनी. तिला काय पायजे ते मला ठाव हाय."

मला सगळं माहीत होतं. शरीरानं नवी किडनी झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या आम्ही खातो, त्यांची रक्तातली पातळी किती नाजूक असते, हे मी स्वतःच्या रिपोर्टवर दर आठवड्याला बघत होते. कुठल्या झाडपाल्यानं ती चढेल, कुठल्यानं उतरेल, सांगता येत नाही. लॅबमध्ये मी हे दुसऱ्यांना सांगितलं असतं. पण जो माणूस आयुष्यात माझ्यापुढे एवढं सलग कधी बोलला नव्हता, त्याच्यापुढे माझ्या तोंडातून 'नाही' निघालं नाही. मी प्याले.

चार सकाळी प्याले.

चौथ्या दिवशी दुपारपासून जुलाब लागले. दोन दिवस चालले. मी रोज लघवी मापून वहीत लिहीत होते. चोवीसशे मिली असायची, ती तेराशे झाली, मग सातशे. सातशेचा आकडा लिहून मी वही मिटली आणि अण्णांना म्हणाले, "दवाखान्यात जाऊ."

*

आमचे किडनीचे डॉक्टर पन्नाशीचे असतील. हळू बोलतात. त्या दिवशीचं क्रिएटिनिन एक पॉइंट पाच आलं. मला वाटलं, एवढं काही नाही. त्यांना तसं वाटलं नाही.

"छायाताई, तुम्ही लॅबमधल्या आहात म्हणून सांगतो. क्रिएटिनिन चढायला वेळ लागतो. आज किडनीला मार बसला तर ते दोन-तीन दिवसांनी कळतं. पण किडनीतल्या बारीक नळ्यांना इजा झाली की एक प्रथिन लघवीत लवकर उतरतं. आधी लघवीत दिसतं, मग रक्तात. ती तपासणी आपल्याकडे होत नाही, हैदराबादला पाठवावी लागते. पाठवू या."

या तपासणीचं नाव मी एकदा ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. कधी केली नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन बाटलीत लघवी दिली. मधली धार. किती जणांना सांगितलं असेल मी हे. बाहेर येऊन बघितलं तर लेबलवर नमुना घेतल्याची वेळ लिहिलेली नव्हती. मी पेन मागून घेतलं आणि वेळ लिहिली. त्या दिवसभरात मला जे काही वाटलं ते एवढंच. वेळ लिहिलेली नाही, याचा थोडा वैताग.

मला भरती करून घेतलं. डॉक्टरांनी अण्णांच्या समोरच विचारलं, "बाहेरचं काही घेतलंय का? दुखण्याची गोळी, काढा, पावडर, काहीही?"

अण्णा खिडकीपाशी उभे होते. पाठमोरे.

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले? हो म्हटलं असतं, तर अण्णांना कळलं असतं की स्वतःची दिलेली किडनी त्यांनी स्वतःच्या हातानं बिघडवली. डॉक्टरांना खरं न सांगितल्यानं काय होतं हेही मला माहीत होतं. तरी नाही म्हणाले. तुम्ही असं करू नका. मी केलं.

*

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन दोन पॉइंट दोन. तिसऱ्या दिवशी तीन पॉइंट एक. सोनोग्राफीत अडथळा काही नव्हता. लक्ष्मी सिस्टर माप घेऊन यायच्या, आकडा लिहायच्या आणि आता काही बोलायच्या नाहीत. फक्त पांघरूण नीट करायच्या.

दिलीप लातूरहून आले. खाटेच्या कडेला बसून त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "मला देता आली असती तर..." म्हणाले आणि थांबले. मी म्हणाले, "तन्वीला कोण बघतंय?" मला त्यांना धीर द्यायचा होता, पण तोंडातून तेच आलं.

बालाजीचा फोन आला. त्याचा आवाज चढला होता. "अण्णाची बी गेली, तुझी बी गेली. आता काय करायचं, अक्का?" मी कानाला फोन लावून ऐकत राहिले. तो पलीकडे रडत असावा. थोड्या वेळानं त्यानंच फोन ठेवला.

त्या दुपारी अण्णा खाटेपाशी स्टूल घेऊन बसले. वॉर्डात जेवणाच्या गाडीचा आवाज येत होता. ते म्हणाले, "रडू येत न्हाई का तुला?"

"नाही येत."

"मला बी आलं न्हवतं. तुझी माय गेली तवा." भूकंपाबद्दल अण्णा आमच्यापुढे कधी बोलले नव्हते, एकदाही नाही. "लोकं टेम्पोतून भाकरी वाटायचे. म्या रांगेत उबा राहिलो, घेतली, खाल्ली. चटनी झनझनीत हुती, त्ये बी कळलं. बायको गेली अन् मला चटनीची चव कळून राहिली. त्येची लई वर्सं लाज वाटली."

मी विचारलं, "मग आलं कधी?"

"शेडात भाकर करपली एक दिवस. तवा आलं." ते उठले. "येतं माय. न्हाई आलं तरी चालतंय. तू जेव."

*

लघवीची तपासणी त्या दिवशी संध्याकाळी आली. मेल डॉक्टरांनी मला दाखवला, कारण मी मागितला. आकडा नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट होता. आणि नमुना पहिल्या दिवशीचा होता, जेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन जेमतेम एक पॉइंट पाच होतं. म्हणजे रक्त 'फार काही नाही' म्हणत होतं, त्याच वेळी लघवी सांगत होती की आत बरंच काही झालंय.

डॉक्टर म्हणाले, "यावरून एवढंच कळतं की मार बसलाय. कुणी मारलं ते कळत नाही. शरीर किडनी नाकारत असेल, औषधाची पातळी चढली असेल, जुलाबानं पाणी कमी पडलं असेल. तुमच्या गोळीची पातळी जास्त आली आहे, ती मी पहिल्याच दिवशी कमी केली. पण नाकारत नाही ना, हे बघायला उद्या सुई टाकून किडनीचा बारीक तुकडा घ्यावा लागेल, बायोप्सी."

बायोप्सीच्या सकाळी मी दिलीपना सांगितलं, "अण्णांना खाली चहाला घेऊन जा." ते गेले. डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी सांगितलं. काढा, चार दिवस, रोज एक वाटी, गोखरू, पुनर्नवा, बाकीचं माहीत नाही. सगळं एका दमात, रिपोर्ट वाचावा तसं.

ते चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "जुलाब त्यानंतर लागले?"

"हो."

"काढ्यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. नुसत्या जुलाबानंही गोळीची पातळी चढते. पण सांगितलंत ते बरं केलंत."

"डॉक्टर, एक विनंती आहे. अण्णांना हे कळू देऊ नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "नाही सांगत."

*

बायोप्सीत शरीरानं किडनी नाकारल्याचं काही दिसलं नाही. नळ्यांना इजा होती. औषध आणखी कमी केलं, सलाईन चाललं, लघवीचं माप चाललं. क्रिएटिनिन चार पॉइंट दोनपर्यंत चढलं आणि तिथं दोन दिवस थांबलं. डायलिसिसची तयारी ठेवली होती. त्याच्या संमतीची सही दिलीपनी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मी सिस्टरनी माप उजेडात धरलं आणि मोठ्यानं आकडा सांगितला, अकराशे. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं टाळी वाजवली. तिला आकड्याचा अर्थ कळला नसेल, सिस्टरचा आवाज कळला.

क्रिएटिनिन उतरत उतरत एक पॉइंट आठवर आलं. पुन्हा एक पॉइंट तीनवर कधी आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आता हाच आपला आकडा धरायचा. याच्यावर खूप वर्षं जातात." मी मान हलवली. गेलेलं किती आणि राहिलेलं किती, हे मला आकड्यावरून कळत होतं. पण मनाला काही लागत नव्हतं. जणू कुणा दुसऱ्या पेशंटचा रिपोर्ट होता आणि मी तो सहीला ठेवत होते.

तीन महिने पूर्ण करून मी लातूरला घरी आले, अण्णा गावाला गेले. सहाव्या महिन्यात लॅबमध्ये परत गेले, मास्क लावून, फक्त रिपोर्ट टाईप करायला. तन्वीनं माझ्या गोळ्यांचे गजर स्वतःच्या मोबाईलवर लावले. दिलीप आता माझ्याकडे बघून बोलतात. बालाजीनं यंदाच्या ज्वारीचं एक पोतं पाठवलं, सोबत निरोप काही नव्हता.

काढ्याबद्दल मी दिलीपनाही सांगितलं नाही. अण्णा फोन करायचे. "ठीक हाय का? हाव. ठीवतो."

ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी इथं थोडं लिहिते. लघवी मापा. कंटाळा आला तरी मापा आणि लिहा. कमी झाली तर दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती खास तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही, आणि झाली तरी ती एकटी सगळं सांगत नाही. पण माप घरातलं असतं, तांब्यासारखं. आणि डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही घेतलं का, तर समोर कोण उभं आहे ते बघू नका.

*

वर्ष झालं तेव्हा आम्हा दोघांची तपासणी होती. अण्णांचीही, कारण देणाऱ्यालाही वर्षाला यावं लागतं. मी लातूरहून नांदेडला गेले, अण्णा गावाकडून परस्पर आले. ओपीडीच्या बाकावर नंबरची वाट बघत बसलो. अण्णांचा रिपोर्ट चांगला आला होता. माझा एक पॉइंट आठ, तिथंच.

समोरच्या बाकावर एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती. त्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, मास्क, अंग सुकलेलं. तिनं पिशवीतून बाटली काढली आणि झाकणात तपकिरी काहीतरी ओतलं. "घ्या, कुणी न्हाई बघत," असं म्हणून त्याच्या हातात दिलं.

अण्णा उठले. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले आणि त्या माणसापुढे जाऊन उभे राहिले.

"काय हाय त्यात?"

बाई गोंधळली. "झाडपाल्याचं हाय, बाबा. किडनी साफ व्हती त्यानं."

"पिऊ नगा. आधी डाक्टरला इचारा." सगळी ओपीडी ऐकत होती. अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "म्या माझ्या लेकीला पाजला हुता. माझीच किडनी हुती. म्याच दिली अन् म्याच घालवली अर्धी."

त्या माणसानं झाकण खाली ठेवलं. अण्णा परत येऊन माझ्याजवळ बसले.

मी मग विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगतंय. तू भरती झाली त्याच दिशी म्या डाक्टरला सांगितलं. तू न्हाई म्हनलीस, म्हनून तुझ्या माघारी जाऊन सांगितलं. म्हनलं, लेकीला कळू देऊ नगा, तिला वाटंल बापानं मारली."

पहिल्याच दिवशी गोळी का कमी झाली होती, ते मला आत्ता कळलं. डॉक्टर माझ्याकडे तसे का बघत राहिले होते, तेही.

"मीही सांगितलं होतं," मी म्हणाले. "तीन दिवसांनी. मीच म्हणाले, अण्णांना कळू देऊ नका."

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

आणि मला राग आला. चौदा महिन्यांचं डायलिसिस, ऑपरेशन आणि वरचं वर्ष, त्या सगळ्यात पहिल्यांदा राग आला. "एवढे महिने? एवढे महिने मी एकटी हे घेऊन फिरतेय अण्णा, आणि तुम्हाला माहीत होतं? फोन करून हाव-हाव म्हणून ठेवून देत होता तुम्ही?"

"तू तरी कुटं बोललीस?"

"तुम्ही बाप आहात! तुम्ही आधी बोलायचं!"

माझा आवाज चढला होता. समोरची बाई बाटलीचं झाकण लावायची विसरून आमच्याकडे बघत होती. अण्णांनी मान खाली घातली नाही.

"मला बोलाया येत न्हाई गं," ते म्हणाले. "तुझी माय बोलायची. ती गेली, मंग घरात कुनी बोलनारं ऱ्हायलंच न्हाई."

"मग शिका ना. भाकरी शिकलात ना?"

आत कंपाउंडरनं माझं नाव पुकारलं. मी उठले नाही. त्यानं परत पुकारलं आणि दारातून डोकं बाहेर काढलं.

अण्णांनी त्याला हात दाखवला. "पुढचा नंबर घ्या," ते म्हणाले. "आमचं बोलनं चालू हाय."